आत्याबाईंनी भिंत खरवडली

अवो,
भाकरी टोपल्यात हाय. त्या ठेकेदाराला घराचं काम देऊ नका. त्यानं बांधलेलं सणसरचं घर बघाय आज मी आन् आत्याबाई गेलो. रंग निस्ता झकास! ठेकेदार आपली कामं सांगत हुता, तवर आत्याबाईंनी बांगडीनं भिंत खरवडली. वाळू भुरुभुरु गळाया लागली.
"आजी, आसूं द्या," त्यो म्हनला.
"आसल्या भिंतीखाली माझी नात निजनार व्हय?"
त्यो गाडीवर बसून गेला. 
आता आमी दुसऱ्या गवंड्याचं काम बघाय अंथुर्ण्याला चाललोय. काल ह्या ठेकेदारावरनं तुमी आत्याबाईंना, सख्ख्या आईला, ‘तुला काय कळतंय’ म्हनला. त्या तशाच ताटावरनं उठल्या. आज रातच्याला त्यांच्यासंगं जेवाय बसा, आन् आधी तुमीच बोला.
सुकन्या