पाच छोटी भोकं

४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सर. जठराचा. सर्जनबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, आत्ता तरी पसरलेली दिसत नाही. पोटाला पाच छोटी भोकं पाडायची, दुर्बीण आत घालायची, जठराचा निम्माअधिक भाग काढून टाकायचा. पण पंधरा दिवसांच्या आत. बायकोच्या डोळ्यांत पाणी. तिला समजावलं, एवढ्याशा भोकातून निघणारा आजार तो केवढा असणार! वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. यंत्रातलं मला कळतं.

५ फेब्रुवारी
संकल्प. सिगारेट कायमची बंद. रोज चार किलोमीटर चालणे. छातीच्या व्यायामाचं यंत्रही आणलं. नळीतून श्वास आत ओढला की तीन गोळे वर जातात.

७ फेब्रुवारी
चाललो नाही. बूट चावतो. सिगारेटी दोनच, त्याही अर्ध्या अर्ध्या, म्हणजे एकच. श्वास ओढून एकही गोळा हलेना. यंत्र उलटं धरून फुंकलं, तर तिन्ही वर! ओढण्यापेक्षा फुंकणं माझ्या प्रकृतीला मानवतं.

१५ फेब्रुवारी
ऑपरेशन १९ला. पण २०ला नव्या मॉलच्या सहा लिफ्ट सुरू व्हायच्यात, आणि तिथं माझ्यावाचून पान हलत नाही. हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलली. नर्स म्हणाली, बाईंना विचारते. मी म्हटलं, पोट माझं आहे. बायकोला सांगितलं, तारीख हॉस्पिटलनेच बदलली. तिच्या जिवाला घोर नको.

२० फेब्रुवारी
सहाही लिफ्ट सुरू झाल्या. मी पोचायच्या आधीच. ट्रॅफिक.

६ मार्च
मेव्हणा म्हणाला, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. मेव्हण्याचं आयुष्यात पहिल्यांदाच पटलं. दुसरे डॉक्टर अगदी सर्जनबाईंसारखंच बोलले, वर उशीर केला म्हणून झापलं. तिसऱ्याच्या शोधात आहे.

२४ मार्च
आज एका इमारतीच्या मॅनेजरला चांगलंच फैलावर घेतलं. लिफ्टची वायर घासल्याचा आवाज दीड महिना येतोय, आणि हा बाबा आज फोन करतो. म्हटलं, माणसं मरायची वाट बघत होता का? घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भांडी आपटत होती. ऐकू गेलं नसावं.

२ एप्रिल
बायकोने परस्पर हॉस्पिटलला फोन केला. तारीख कोणी ढकलली होती ते तिला कळलं. नवी तारीख तिनेच घेतली, उद्याची. माझ्याशी बोलणं बंद केलंय. घरात शांतता आहे, तेवढाच आराम.

३ एप्रिल, सकाळी ११
ऑपरेशन रद्द. उपाशीपोटी या म्हणाले होते. मी काही खाल्लं नव्हतं, फक्त चहा आणि दोन टोस्ट. टोस्टला कोणी जेवण म्हणतं का? भूल देणाऱ्या डॉक्टरला खरं ते सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. पुढची तारीख दहा दिवसांनंतरची. माझी काहीच हरकत नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळी ६
झालं एकदाचं! चार तास सांगितले होते, तासाभरात बाहेर. पांघरूण वर करून मोजलं. पाच नाहीत, तीनच भोकं! दुखतंय तेही बेताचंच. बाई भलत्याच हुशार निघाल्या. मुलीला म्हणालो, बघ, उगाच घाबरवून सोडलं होतं सगळ्यांनी. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सोमवारी कामावर.

१५ एप्रिल
सर्जनबाई आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की मला आवडत नाही. म्हणाल्या, दुर्बीण आत घातली तर पोटाच्या अस्तरावर सगळीकडे बारीक ठिपके. रोग पसरलाय. आता जठर काढून उपयोग नव्हता, म्हणून काहीच न काढता टाके घातले. औषधं सुरू करू. बरं होण्यासाठी नाही, थोडे दिवस वाढावेत म्हणून.

मी विचारलं, पंधरा दिवसांत केलं असतं तर? त्या म्हणाल्या, तसं नक्की सांगता येत नाही. जरा धीर आला. बाई गेल्यावर बायकोला म्हणालो, ऐकलंस ना, त्यांनाही नक्की सांगता येत नाही.

ती माझ्या पायाशी बसली होती. तेरा दिवसांनी बोलली.

"मला येतं," ती म्हणाली.