उघडं पाकीट

शुक्रवार, १४ मार्च

आज वर्गात माझी विकेट पडली! बारा वर्षांच्या ज्ञानदाने पाडली.

आमची शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चचं संडे स्कूल, शुक्रवारी भरते — मस्कतमध्ये सुट्टीच शुक्रवारी, त्याला कोण काय करणार! मुलं सात. धडा पहिल्या ख्रिस्ती लोकांचा. रोमचा बादशहा, आखाडा, सिंह — सगळं हातवारे करून, अगदी रंगात येऊन सांगितलं. पोरं टक लावून ऐकत होती. तेवढ्यात ज्ञानदाचा हात वर.

"आंटी, वेट. सगळ्यांना लायन खात होता, तर मग ते वाढले कसे? दे शुड बी खलास, ना?"

मी म्हटलं, देवाची कृपा.

"हो, पण कसे? म्हणजे ते रोज काय करायचे?"

वीस वर्षं हा धडा शिकवतेय. सिंह तोंडपाठ. माणसं काय करत होती, ते मात्र माहीत नाही! पुढच्या शुक्रवारी सांगते म्हणून सुटका करून घेतली. पोरीने प्रश्न वहीत लिहून घेतला. सोडणारी नव्हे ती.

रविवार, १६ मार्च

रमजानमुळे क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त द्यायला फारसं कोणी येत नाही. दोनला सुटले, रुवीहून दार्सैतपर्यंत चालत आले आणि चर्चच्या पाळकसाहेबांकडून आणलेली दोन जाडजूड पुस्तकं उघडली. चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार!

किती अर्धवट शिकवत होते मी! सिंह रोजचे नव्हतेच. छळ कधी या गावात, कधी त्या. मध्ये वर्षानुवर्षं शांतता, मग पुन्हा अचानक धरपकड. आणि प्रसार केला तो कोणी? मोठे वक्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तंबू शिवणारे शिवता शिवता बोलायचे. जांभळं कापड विकणाऱ्या एका बाईने आपलं घरच उघडून दिलं. खलाशी, दासी, हमाल. शहरात साथ आली की पैसेवाले गावाबाहेर पळायचे. हे मागे राहून आजाऱ्यांना पाणी पाजायचे, आपल्यांना आणि परक्यांनाही. जे वाचले ते कशाला विसरतील?

एका सुभेदाराने तर चौकशी लावली, दोन दासींना छळलं — तुमच्या सभेत चालतं तरी काय? निघालं काय? पहाटे जमून गाणं म्हणतात, चोरी करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर एकत्र जेवतात. बस्स!

ओट्याजवळ एकटीच उभी राहून मी "बस्स!" असं मोठ्याने म्हणाले. शेजारच्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

मंगळवार, १८ मार्च

पत्रं! खरी गंमत पत्रांत आहे! सरकारी टपाल सरकारपुरतं. साध्या माणसाचं पत्र जायचं ते त्या गावाला निघालेल्या कोणाच्यातरी हाती. म्हणजे अगदी आपल्यासारखं की — "कोण गावी चाललंय का?" विचारायचं आणि खजूर, औषधं, चष्मा, जे असेल ते त्याच्या बॅगेत कोंबायचं. रोमला गेलेलं सगळ्यात मोठं पत्र तर एका बाईने नेलं, फिबी नावाच्या. पोचल्यावर सगळ्यांना जमवून मोठ्याने वाचायचं. मग कोणी नक्कल करून पुढच्या गावाला पाठवायचं.

शुक्रवार कधी येतोय!

शुक्रवार, २१ मार्च

वर्गात नुसता धुमाकूळ! मी म्हटलं, प्रश्नाचं उत्तर सांगणार नाही, करून बघू. एक पत्र लिहायचं आणि सलालाला पोचवायचं. हजार किलोमीटर! फोन नाही, पोस्ट नाही, व्हॉट्सअॅप तर नाहीच. हातोहात. नेणाऱ्याने पत्राच्या पाठीवर सही करायची. शेवटच्या माणसाने ज्याचं पत्र त्याच्यासमोर उभं राहून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, एक शब्द न गाळता. उत्तर त्याच कागदावर. हे सगळे नियम पत्राच्या माथ्यावरच लिहिले. आणि उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आत परत!

पाळकसाहेबांनी एकच अट घातली. "सुगंधाताई, धर्माचं काही लिहायचं नाही. या देशाने आपल्याला प्रार्थनेला जागा दिलीय, त्यांचा नियम आपण पाळायचा." अगदी मान्य. मुलांनी मांजराबद्दल लिहिलं, बसमधल्या भांडणाबद्दल लिहिलं, मोडक्यातोडक्या मराठीत. ज्ञानदाने विचारलं, "सलालात कोणाला, आंटी?"

"आहे एक मराठी माणूस. ओळखीचा."

ओळखीचा! जीभ कशी रेटली माझी.

शनिवार, २२ मार्च

इथे तरी खरं लिहावं. सलालातला तो माणूस म्हणजे माझा मुलगा, स्वरूप.

दोन वर्षांपूर्वीचा नाताळ. जेवायला बसलो होतो. स्वरूप शांतपणे म्हणाला, "पप्पा, मला प्रार्थनेत आता काही वाटत नाही. खोटं खोटं येऊन बसण्यापेक्षा मी चर्चला येणार नाही." दयानंद चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेला माणूस. ताट सरकवून म्हणाले, "मग या घरात जेवायचंही नाही." पोरगा उठला. सलालाच्या एका हॉटेलात एसीचं काम धरलं. आणि मी? पुलावाचा डाव हातात धरून उभी! एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून मी मेसेज करते, तो अंगठा पाठवतो. बाप-लेकाचं तर तेवढंही नाही.

वर्गात बादशहांच्या नावाने बोटं मोडते, आणि घरात माणूस बाहेर काढला तेव्हा वाचा बसली.

म्हणून आज मुलांच्या पत्राखाली माझ्या चार ओळी लिहिल्या. खोडाखोड न करता. "स्वरूप, त्या दिवशी तुझे पप्पा चुकले. मी गप्प राहिले, माझी चूक त्याहून मोठी. तू मानतोस की नाही ते तुझं तू बघ. घरी जेवायला ये."

पाकीट डिंकाने चिकटवलं. दोनदा. दयानंदना यातलं काही सांगितलेलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

ईद झाली, रस्ते वाहते झाले. खालच्या मजल्यावरचे नूरुद्दीनभाई उद्या निझव्याला निघालेत. हर्णैचे, गाड्यांच्या स्पेअर पार्टचा धंदा, दयानंदच्या गॅरेजला माल तेच देतात. शीरखुर्मा खायला गेले तेव्हा पाकीट पुढे केलं. त्यांनी हातच लावला नाही!

"वैनी, बंद पाकीट मी नेत नाय. सख्ख्या भावाचा पण नाय. उघडा, दाखवा, मग द्या."

विसरलेच होते मी! इथला पहिला धडा हाच — दुसऱ्याचं बंद पुडकं घेऊन कोणी प्रवास करत नाही. लोणच्याची बरणीसुद्धा उघडून हुंगून घेतात. मीही घेते. तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणू? फाडलं. त्यांनी दारातच वाचायला घेतलं, ओठ हलवत. मांजराच्या गोष्टीला हसले. मग माझ्या ओळींशी आले आणि थांबले. माझे कान गरम झाले.

"हा पोरांनी नाय लिव्हलेला."

"नाही. मी."

पेन मागितलं, पाठीवर सही केली. त्यांच्या बायकोने, रईसाभाभींनी, माझी वाटी पुन्हा भरली. निघालं एकदाचं पत्र!

शुक्रवार, ४ एप्रिल

वर्गात नकाशा लावला. मुलं निझव्यावर बोट ठेवून बसलीत. मीही!

सोमवार, ७ एप्रिल

काय दिवस! नूरुद्दीनभाई परत आले. पत्र निझव्याला ट्रेलरवाल्या मजीदला दिलं, तो हैमापर्यंत जातो. म्हणजे अर्धी वाट सर! एवढं सांगून ते चुळबुळत उभे.

"वैनी, एक गुन्हा केलाय."

तर त्यांनी त्या ओळींचा फोटो काढला होता! रईसाभाभींच्या भावाशी चार वर्षं अबोला, घराच्या वाटणीवरून. ईदला मुबारकसुद्धा नाही. निझव्याच्या पेट्रोल पंपावर बसून त्यांनी तशीच ओळ आपल्या शब्दांत त्याला लिहिली — मी गप्प रावलो, माझी चूक मोठी. दहा मिनिटांत हर्णैहून फोन! दोन मोठे पुरुष फोनवर रडले म्हणे. "नि मजीदनं पण वाचलान. मग म्हनतो, जरा बापाला फोन लावतो."

मला आधी लाज वाटली. भर रस्त्यात माझं घर उघडं! आणि मग अशी काही आनंदाची लाट आली की मी त्यांच्यासमोर टाळ्या वाजवल्या. ज्ञानदा, हे तुझं उत्तर! डिंक टिकला असता तर पत्र नुसतं पोचलं असतं. उघडं होतं म्हणून वाटेत ज्याच्या हातात पडलं त्याला लागलं. अडवणाऱ्याने एकाला अडवावं, तोवर चौघांनी वाचलेलं! बादशहा कुठे कुठे पुरणार?

रईसाभाभींनी मला मिठी मारली. आज पायच जमिनीला लागत नाहीत.

शुक्रवार, ११ एप्रिल

वर्गातून आले तर नूरुद्दीनभाई आमच्याकडे चहा घेत बसलेले, समोर दयानंद. आणि बोलून गेले, "वैनी, तुमचा पत्र हैमाला अडाकला. मजीदनं कॅफ्टेरियात ठेवलान, फ्रीजवर. पुढं जानारा कोन गावत नाय."

दयानंदनी मान वर केली. "कसलं पत्र?"

"मुलांचा खेळ आहे. सलालाला पाठवलंय." माझा आवाज चिरकला.

"सलालाला कोणाला?"

नूरुद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोनतरी मराठी मानूस हाय." अल्ला त्यांचं भलं करो!

दयानंद "हं" म्हणाले आणि बशीत चहा ओतला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडला.

एक आठवडा उरलाय. हैमापुढे पाचशे किलोमीटर नुसतं वाळवंट. फ्रीजवर पडलंय माझं पत्र! फिबीला फ्रीज लागला नव्हता.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. झावळ्यांना काय तोटा, खाली पार्किंगमध्येच खजुरी आहेत. मुलांसाठी कापून ठेवल्या. आणि दयानंदनी सकाळी हत्यारांची पेटी बाहेर काढली. दुक्मला कोणाची तरी क्रेन बंद पडलीय, तीन-चार दिवस लागतील.

"पवित्र आठवड्यात?"

"क्रेनला आठवडा कळत नाही."

गाडी घेऊन गेलेसुद्धा. मी इतकी चिडले की डबा द्यायचा राहिला. आता वाईट वाटतंय.

बुधवार, १६ एप्रिल

ज्ञानदाचा फोन. "आंटी, आपला लेटर पर्सिक्यूट झाला का?" हसले, पण आतून धसका. तिला सांगितलं, किती पत्रं हरवली असतील त्या लोकांची, ते पुन्हा लिहायचे. हे सांगताना मलाच ऐकू आलं.

ठरलं! शुक्रवारपर्यंत नाही आलं तर मी स्वरूपला फोन लावणार आणि त्याच ओळी तोंडाने बोलणार. दयानंदसमोर. नूरुद्दीनभाईंना पेट्रोल पंपावर जमलं ते मला माझ्या घरात का जमू नये? ठरवलं आणि काय हलकं वाटलं! भीती आहेच, पण शाळेत पहिल्यांदा स्टेजवर जाताना असते तशी.

गुरुवार, १७ एप्रिल

दुपारी दयानंद आले. दाढी वाढलेली, शर्टावर वाळूचे थर. दोनदा भात मागून घेतला.

"झाली क्रेन?"

"झाली." आणि पडल्या पडल्या झोपले.

उद्या फोन. नक्की!

शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार

उठले तेव्हा दयानंद चर्चमध्ये खुर्च्या लावायला निघून गेले होते. ओट्यावर पत्र. पाठीवर सह्या तीन, मुलांच्या मांजराशेजारी चहाचा डाग. खाली स्वरूपचं अक्षर —

"आई, पत्र मिळालं. आणणाऱ्याने दारात उभं राहून सगळं मोठ्याने वाचलं. तुझ्या पहिल्या ओळीला आवाज गेला. पाणी प्यायला, आणि ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचली. एक शब्द गाळला नाही."

नूरुद्दीन. मजीद. आणि तिसरी सही — दयानंद साळवे.