दगडफुलात लपलेले

१२ सप्टेंबर
साइयाला एक दिसला. मला सात! त्याच सकाळी, त्याच ओकच्या झाडांवर.

ही साइया तुर्कूच्या विद्यापीठातून आलीय, पतंगांचा अभ्यास करते. रस्ता रुंद करायला आमच्या टेकडीवरचे ओक तोडायचेत. ती म्हणते, इथे एक दुर्मीळ पतंग आहे — रात्री उडतो, दिवसा ओकच्या सालीवर निजतो. तो इथेच राहतो असं दाखवता आलं तर झाडं वाचतील. पेटीत दिवा लावून तिनं तीन पकडले, पण नगरपालिका म्हणते, उडून आले असतील कुठून तरी. झाडावर बसलेले दाखवा.

तेच तर अवघड. पंख हिरवे म्हणे, वर काळ्या रेघोट्या. सालीवरचं दगडफूलही थेट तसंच. बसला की संपलं. बिचारी दोन दिवस भिंग घेऊन फिरत होती. मी कुत्र्याला फिरवत होतो. म्हटलं, “तुमच्या नाकासमोर बसलाय की.”

“कुठे?”

बोट जवळ नेलं तेव्हा कुठे दिसला तिला.

१३ सप्टेंबर
आज नऊ.

१५ सप्टेंबर
कॉफी पिताना साइयानं विचारलं, “इल्मो, तुम्हाला जमतं कसं हे?”

सांगितलं. कुणाला सांगत नाही, पण सांगितलं. मला हिरवा आणि तांबडा सारखेच दिसतात. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत इंजिन-चालक व्हायला गेलो होतो. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडे होते म्हणे. मला नुसते ठिपके. पाच मिनिटांत बाहेर! मग जन्मभर लाकडाची गिरणी.

ती हसली नाही. म्हणाली, “आमचे डोळे रंगाच्या नादी लागतात आणि फसतात. तुम्ही नुसता आकार बघता. तुम्हाला हा पतंग फसवूच शकत नाही.”

घरी येऊन आरशात स्वतःचे डोळे बघितले. वेडेपणा. पण बराच वेळ बघितले.

१९ सप्टेंबर
तौनोचा फोन, ताम्पेरेहून. धाकटा भाऊ. माझ्यानंतर वर्षभरानं तो त्याच डॉक्टरांकडे गेला आणि पास झाला. एकतीस वर्षं इंजिन चालवलं. आईनं त्याचा गणवेशातला फोटो खिडकीत ठेवला होता, रस्त्यावरून दिसेल असा.

“म्हातारपणी किडे मोजतोस म्हणे?”

“मोजतो. तुला नाही दिसायचे ते.”

हे वाक्य बोलायला चाळीस वर्षं थांबलो होतो मी. तौनो म्हणाला, “नसतील दिसत.” आणि फोन ठेवला. जरा लागलं असावं त्याला. लागू दे.

२६ सप्टेंबर
नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या, हेल्वी राउतियो. बारीक पाऊस, बाईंच्या पायात शहरी बूट. मला भीती — आज एकही नसला तर? तिसऱ्या झाडापर्यंत काहीच नाही. बाई घड्याळ बघायला लागल्या. साइयाचा चेहरा पांढरा पडला.

चौथ्या झाडावर पाच होते.

“इथे?” बाई म्हणाल्या. “थट्टा करताय का माझी?” मी काडीनं सालीला हलकंच टोचलं. दगडफुलाचा एक तुकडा चालायला लागला. बाई दचकून मागे सरकल्या, मग गुडघे टेकून चिखलातच बसल्या. उठल्या तेव्हा माझ्याशी हस्तांदोलन केलं. साइयाशी नंतर.

२७ सप्टेंबर
बाईंनी धरलेला हात अजून तसाच वाटतोय.

३ ऑक्टोबर
रस्ता पलीकडच्या शेतातून जाणार. ओक राहणार! साइयाच्या अहवालात माझं नाव आहे, पूर्ण नाव, ‘निरीक्षक’ म्हणून. चारदा वाचलं. दुकानात पाव आणायला गेलो तर बायकाही विचारत होत्या, “दाखवशील ना रे आम्हाला?” मी म्हटलं, “रांगेत या.”

तौनोलाही कळवलं. रविवारी येतो म्हणाला.

५ ऑक्टोबर
तौनो आला. थेट टेकडीवर नेलं. म्हटलं, शोध. तासभर फिरवायचा बेत होता माझा.

तो पहिल्याच झाडाशी थांबला. हात खिशातच. नुसत्या हनुवटीनं दाखवत गेला — “हा एक. तो दुसरा. वर फांदीच्या बेचक्यात दोन.”

बेचक्यातले मलाही दिसले नव्हते.

“तुला कसे दिसतात रे?” मी विचारलं. तो झाडाकडेच बघत होता.

“तू नापास होऊन आलास ना,” हळूच म्हणाला, “त्यानंतर मी ते ठिपक्यांचं पुस्तक मिळवलं आणि पाठ केलं.”