होडी कोण हलवतं

रविवार, ७ जानेवारी
आजही वाया! इतिश्रीने कॅमेऱ्यात टिपलेले सगळे पाणटिवळे पक्षी पुसट. चोच कुठली, पाणी कुठलं, कळत नाही. तिला वनखात्याच्या प्रदर्शनासाठी एकच फोटो हवाय — पण पीस न् पीस दिसलं पाहिजे. महिनाअखेर शेवटची तारीख.
दोष सोवनबाबूचा. तिच्याबरोबर भुवनेश्वरहून येतो, शहाणा. होडीत ट्रायपॉड उभा करतो! फळ्यांची थरथर तीन पायांतून थेट कॅमेऱ्यात. पण सांगतो कोण? मी पडलो कॉलेज सोडलेला. बनांबरकाकाच्या होडीत चहा देणारा.

मंगळवार, ९
कॉलेजची जुनी पँट कापली. एका पायाची पिशवी शिवून तांदूळ भरला. होडीच्या काठावर ठेवायची, वर लेन्स टेकवायची. तीन वर्षांच्या शिक्षणातलं एवढंच कामी आलं.

रविवार, १४
मकरसंक्रांत. काकीने भिजल्या तांदळात गूळ-खोबरं कालवून दिलेलं मकर-चाउळ इतिश्रीने दोनदा घेतलं. पिशवी बघून म्हणाली, "डोकं आहे की तुला." मी तिच्या मागेच बसलो होतो.
फोटो तरीही पुसट. सोवनबाबू म्हणतो, "आता भात करून खा." गाढव.
मग दोष काकाचा. एकेकाळी हाच माणूस अंधारात होडी नेऊन पक्षी मारायचा, आता हात थरथरतात. तसं तोंडावर सांगितलं. त्याने सावकाश पान थुंकलं. "माझा बांबू चिखलात रुतला की होडी हलत नाही. पुढच्या रविवारी तू काठावर थांब."
म्हातारा जळतो माझ्यावर.

गुरुवार, १८
थांबणार नाही.

रविवार, २१
थांबलो. इतिश्री म्हणाली, "एकदा बघू या ना," म्हणून. तो गाढव होडीत आणि मी काठावर!
तासाभराने परतले. तिने कॅमेरा पुढे केला. पाणटिवळ्याच्या चोचीवरचा थेंबसुद्धा लख्ख.
काकाला बाजूला घेतलं. काय केलंस?
"काही नाही. तू नव्हतास."
म्हणे, ती होडीत बसली की माझा उजवा पाय जो नाचायला लागतो, तो ती उतरेपर्यंत. सगळ्या फळ्या थरथरतात. "पोरीसमोर कसं सांगायचं, बाबा?"
काहीतरीच!

सोमवार, २२
इतिश्रीचा फोन. "तुझा पाय मला पहिल्याच रविवारी दिसला होता."
मग गप्प का बसलीस, विचारलं. बोलेना. फोनही ठेवेना.
टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलतंय.