चौथा दाबमापक

१४ मे, मंगळवार

डेरिनला पुरलं. वारा फार. पाद्रींचं निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. नंतर हॉलमध्ये चहा, सँडविच. आईने एकदाच विचारलं, "सुखरूप आत आला होता ना तो? मग परत कशाला गेला?" मी कप गोळा करत राहिलो.

१६ मे, गुरुवार

कामावर. चौकशीवाल्यांना पुढच्या शुक्रवारपर्यंत डेरिन गेला त्या दिवसाच्या स्फोट-चाचणीच्या नोंदी हव्यात. त्यांचं मत जवळपास ठरलंय. मैदानात जाताना प्रत्येकाने फळ्यावरचा आपला बिल्ला उलटा करायचा, बंकरमध्ये परतला की सुलटा. डेरिनचा सुलटा होता. म्हणजे माझा भाऊ आत आला आणि कुणाला न सांगता परत गेला. चूक त्याचीच.

सहाही मापकांचे आलेख काढले. चौथा, स्फोटापासून आठ मीटरवरचा, विचित्र. दाब निम्मा, आवेगही, म्हणजे धक्क्याचा एकूण जोरही निम्मा. मागचा पाचवा स्फोटापासून लांब, तरी त्याच्यापेक्षा जास्त! रॉससाहेबांनी वरवर बघितलं. मापक मेलाय म्हणाले, बाद कर. आम्ही नेहमी तेच करतो. जवळचे मापक मरतातच.

२० मे, सोमवार

चौथा दाबनळीवर तपासला. पाच वेळा. ठणठणीत आहे.

म्हणजे त्याच्यासमोर काहीतरी होतं — उकिडवं बसलेल्या माणसाएवढं.

बंकरपासून तिथवर चालत चार मिनिटं, धावत गेलं तरी दोन. 'सगळे आत' म्हटल्यापासून स्फोटापर्यंत नव्वद सेकंद. तो परत गेलाच नव्हता. तिथून निघालाच नव्हता.

डेरिनचा बिल्ला मी सुलटा केला. तो कायम विसरायचा. "तू आहेस की, बोटं झिजतात का तुझी?" सहा वर्षं मीच करत आलो. त्या दिवशी बांधावरून टोपी येताना दिसली, हात आपोआप गेला. टोपी रॉसची होती. रॉस आत आले, सगळे बिल्ले सुलटे बघितले आणि 'सगळे आत' म्हणाले.

२१ मे, मंगळवार

रॉसना बिल्ल्याचं सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं. दार लावून घेतलं.

"मापक मेलाय असंच लिही, ग्रँट. डेरिनला आता काय फरक पडतो? तुझ्या आईला एकच मुलगा उरलाय."

वाईट हेतू नसावा. स्वतःचंही बघत असतील.

२२ मे, बुधवार

नोंदींत काही लिहिलं नाही.

२४ मे, शुक्रवार

चौथा आलेख घातला. खाली बिल्ल्याचं लिहिलं, सही केली, पाठवलं. मग आईला फोन. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं पोर परत गेलं नव्हतं," म्हणाली. फोन ठेवला.

अंडं उकडलं. ओट्याशी उभ्यानेच खाल्लं.