दिव्याखालची मोकळी जागा

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! टेम्पोत सामान कमी आणि ठमीच्या दुपट्यांची गाठोडी जास्त. ठमी म्हणजे आमची लेक. वय पाच महिने. परवाच पालथी पडायला शिकली आणि तेव्हापासून स्वतःला फार मोठी समजते. पिल्लांच्या शेडला लागूनच आमची खोली आहे, मध्ये एकच भिंत. नवा चुना, मोठी खिडकी, नळाला पाणी. बायको खूश, म्हणजे मी खूश असायलाच हवं. बारा वर्षं कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडले, आता कोंबड्या वाढवणार. मेव्हणा पोट धरून हसला. हसू दे.

४ तारीख, मंगळवार
पिल्लं आली. पाचशे, एका दिवसाची. पत्र्याचं गोल कुंपण, आत भुसा, मधोमध छत्रीसारख्या झाकणाखाली चार बल्ब. पोल्ट्रीच्या मालकांनी नीट समजावलं. कुंपण गोलच हवं, कारण कोपरा सापडला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. थर्मामीटर नंतर बघ, आधी पिल्लांकडे बघ. बल्बखाली दाटली तर गारठलीत, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर छान चाललंय. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून प्यायला शिकवायचं. पाचशे चोची! पाठीचा काटा ढिला झाला, पण संध्याकाळी सगळी पसरून झोपली तेव्हा मी तिथेच कितीतरी वेळ बघत उभा राहिलो.

५ तारीख, बुधवार
सकाळी सात मेलेली होती. एकाने तर माझ्या तळहातावरच मान टाकली. मालक म्हणाले, पहिल्या आठवड्यात थोडी जातातच, इतका जीव लावायचा नाही. बोलायला काय जातंय. बायकोला मी काही सांगितलं नाही. ठमीच्या आधीचा आमचा मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला. तिच्यासमोर मी मरणाचा विषय काढत नाही.

६ तारीख, गुरुवार
आज अकरा. आणि एक विचित्र प्रकार दिसला. झाकणाखाली, ऐन उबेत, परातीएवढी जागा मोकळी आहे. पिल्लं तिच्या कडेपर्यंत येतात आणि वळतात. तिथला भुसा बदलला, भिंतीतल्या फटी बुजवल्या, बल्ब वर-खाली केले. शेवटी झाकणच दोन हात सरकवलं, तर मोकळी जागाही त्याच्यामागे सरकली. हात ठेवून पाहिला. छान ऊब होती. आणि ही वेडी बाहेर कुडकुडत मरतायत.

७ तारीख, शुक्रवार
चाळीस. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन पिल्लं चिरून पाहिली. रोग नाही, नुसती थंडीने गेलीत म्हणाले. जागा आता एक माणूस मांडी घालून बसेल एवढी झालीय.
मला राहवेना. घाबरलेल्या पोराला आपण आधी स्वतः जाऊन दाखवतो ना, तसं करायचं ठरवलं. कुंपणात उतरलो आणि त्या जागेत मांडी घालून बसलो. काही नाही रे इथे, या, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. कोणी ऐकलं असतं तर येड्यात काढलं असतं. अर्धा तास बसलो. फार बरं वाटलं. खरं लिहायचं तर उठवत नव्हतं.

८ तारीख, शनिवार
उपाय लागू पडला! शेडच्या जाळीतून पाहिलं तर झाकणाखाली पिल्लंच पिल्लं, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. मला नाचावंसं वाटलं.
खाणं घेऊन आत गेलो. सगळी एकदम उठली आणि पलीकडच्या पत्र्याला जाऊन भिडली. एकमेकांवर चढली. मी घाबरून त्यांना सोडवायला गेलो तर तिथून फुटून समोरच्या बाजूला, पुन्हा ढीग. मी बाहेर पळालो तेव्हा ती शांत झाली. खालची नव्वद उठलीच नाहीत.
गोल कुंपणात कोपरा नसतो. त्यांनी माझ्यापासून लांबचा कोपरा बनवला.

९ तारीख, रविवार
खाणं मालकांनी घातलं. त्यांच्या पायांत पिल्लं घोटाळत होती. मी नुसता दारात उभा राहिलो आणि ढीग झाला. मालकांनी मला बाहेर काढलं. मग माझ्याआधी इथे कामाला होता त्या माणसाचं सांगितलं. त्याने बायको आणि दोन्ही मुलांना काठी घेऊन हाकललं होतं. नंतर तो कुंपणात सापडला, झाकणाखाली मांडी घालून बसलेला. मेलेला.
"तू आत बसला नाहीस ना?" त्यांनी विचारलं.
मी नाही म्हणालो.

१० तारीख, सोमवार
दुपारी ठमीशेजारी आडवा झालो. डोळा लागला. जाग आली तर ती गादीच्या पार कडेला, पालथी, भिंतीला नाक लावून. नवीन विद्या शिकलीय म्हणून हसलो, उचलून जवळ घेतली. ती पुन्हा सरकली. मी उठून भिंतीकडच्या बाजूला गेलो. ती वळली. रडत, हातपाय झाडत दुसऱ्या कडेला गेली, उशीत तोंड खुपसलं. उशी काढली तेव्हा ओठ निळे होते.
मी दाराबाहेर गेल्यावर तिने श्वास घेतला.

११ तारीख, मंगळवार
शेडमध्ये राहतोय. उरलेली पिल्लं मालकांनी दुसरीकडे हलवली. बायकोला माहेरी जा म्हणालो. जात नाही. ओरडलो, तांब्या फेकला, तरी नाही. जाळीपाशी येऊन म्हणाली, "पहिला गेला तेव्हाही तुम्ही असेच लांब जाऊन बसलात. या वेळी मी बसू देणार नाही."
तिला कसं सांगू. सांगितलं. तिला वाटतं माझं डोकं फिरलंय.

१२ तारीख, बुधवार
भिंतीपलीकडे ठमी रडते. मी सहा पावलं मागे गेलो की थांबते. सकाळी सहा पावलं पुरली. दुपारी दहा लागली. आता पार टोकाच्या भिंतीला टेकलो तरी—
मीच जायला हवं. लांब, जिथे कोणी नाही. ठरवलंय. फक्त थोडं झाकणाखाली बसतो. बल्ब बंद आहेत तरी ऊब आहे.
निघणार आहे. उठवत नाही.

१३ तारीख, गुरुवार
अजून बसलोय. पाय हलत नाहीत—

ती आली. जाळीपाशी उभी. ठमीला घेऊन. लेकीकडे बघा तरी, म्हणते—
मागे जा म्हणालो. ओरडलो. ओरडलो की ती ठमीला आणखी घट्ट—

ठमी तोंड लपवतेय. आईच्या छातीत. आत आत घुसतेय. पाय झाडतेय. हिला वाटतं लाडात आलीय, हिने डोकं दाबून धरलंय—
सोड तिला. सांगतोय. ऐकत नाही—

दार उघडलं. आत येतेय. पाय थांबले ठमीचे—
बायको हसतेय. म्हणते, बघा, तुमच्याजवळ आणल्यावर कशी शांत—