डिस्कचा खेळ आणि भुंग्याचा खेळ

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुला खूप आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आप्पांचा डावा हात आता बराच सुधारलाय, शर्टाची बटणं स्वतः लावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटांची हालचाल छान सुटली. त्याचं श्रेय त्यांनी तू पाठवलेल्या गाड्यांच्या खेळाला दिलं. रोज तेल लावून हात चोळते मी, पण ते असो.

फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन आला की आप्पा तो स्पीकरवर टाकायला लावतात. त्यांच्यासमोर काही गोष्टी बोलवत नाहीत, म्हणून हे पत्र.

आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानाचं आधी सांगते. मागच्या आठवड्यात घाऊक माल देणारे काका येऊन गेले. म्हणाले, नव्या खेळांच्या डिस्क आता जवळजवळ येतच नाहीत, डबे येतात. डबा तोच, चित्रही तेच, पण आत डिस्क ठेवायच्या जागी एक चिठ्ठी आणि तिच्यावर कोड. तो कोड टाकायचा आणि खेळ इंटरनेटवरून तुमच्या कंपनीकडून उतरवून घ्यायचा. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, आपलं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी असा एक डबा नेला आणि तासाभरात परत आले. "ताई, रिकामा डबा दिलात." मी चिठ्ठी दाखवली, कोड कसा टाकायचा ते समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि साधेपणानं विचारलं, "मग मी तुमच्याकडे कशाला यायचं?" तसले डबे आता मागवायचे नाहीत असं ठरवलंय. जुन्या डिस्कची अदलाबदल आणि मशीनची दुरुस्ती, एवढंच ठेवणार.

याबद्दल तुझ्यावर राग नाही. तू त्या कंपनीत नसतास तर दुसरं कुणी असतं. राग वेगळाच आहे, आणि त्याला राग म्हणणंही खोटंच.

आप्पांच्या आजारपणात तू ते डिस्क न लागणारं मशीन पाठवलंस. हाताला व्यायाम होईल म्हणालास. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते हेडफोन लावून बसायचे. तू तिकडे, ते इकडे, आणि तुमच्या गाड्या डोंगरातून पळतायत. मी स्वयंपाकघरात. मला तुझा आवाज ऐकू यायचा नाही, फक्त आप्पांचं हसणं. पोट धरून हसायचे रे. शाळा सुटल्यापासून मी त्यांच्याबरोबर दुकानात उभी आहे, असं हसताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी मी खेळायला मागायचे तेव्हा म्हणायचे, "दुकानदारानं माल वापरायचा नसतो." तुलाही तेच सांगायचे, पण तू मित्राकडे जाऊन खेळायचास आणि मी डबे पुसायचे. आता त्यांना खेळायला जोडीदार हवा झाला, तर तो तू.

एकदा मी ताट वाढून उभी राहिले. त्यांनी न बघताच हातानं थांब म्हणून खूण केली आणि तुला म्हणाले, "काही नाही, ताई आहे." ते मला फार लागलं.

मग तो खेळ बंद झाला. आप्पा कितीतरी वेळ तेच बटण दाबत बसले होते, पडद्यावर तीच सूचना. तू फोन करून समजावलंस, कंपनीचे हक्क संपले, सगळीकडूनच काढलाय, दुसरा पाठवतो. आप्पा "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आणि भुंग्या, मला आनंद झाला. भाजी फोडणीला टाकताना मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या मालाच्या फळीवर त्याच खेळाची डिस्क शोधली आणि दुकानातलं डिस्कचं मशीन घरी आणलं. आप्पांनी डिस्क उजेडात धरून पाहिली, शर्टाच्या टोकानं मधून कडेकडे पुसली, अगदी दुकानात पुसायचे तशी. खेळ सुरू झाला. ते हेडफोन शोधायला लागले.

"भुंग्या कधी येतो यात?"

"यात तो येत नाही आप्पा. ही डिस्क चालायला कुठल्या कंपनीला विचारत नाही, पण कुठे पोचतही नाही. या खोलीत असतील त्यांनीच खेळायचं."

त्यांनी जरा विचार केला आणि दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवला.

मी पहिल्याच वळणावर गाडी नदीत घातली. मग पुन्हा. आणि प्रत्येक वळणावर आप्पांचं चालू, भुंग्या इथं आधीच ब्रेक मारतो, भुंग्या इथून डावीकडे घेतो. शेवटी मी कंट्रोलर खाली ठेवला. म्हटलं, "आप्पा, मी भुंग्या नाही."

ते पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "माहितीय. मी त्याला कधी हरवू शकलो नाही. तुला हरवतोय." आणि पोट धरून हसले. मला रडूच फुटणार होतं, पण मीही हसले.

तेव्हापासून रोज बसतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी गुपचूप सराव करते. अजून एकदाही जिंकलेली नाही. पूल ओलांडेपर्यंत पुढे असते, मग ते कुठून येतात कळत नाही.

काल तू पाठवलेल्या मशीनवर दिसलं, नवा खेळ भेट म्हणून आलाय, उतरवून घ्या. मी तो उतरवला नाही आणि आप्पांना सांगितलंही नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगतेय. त्यांना सांगितलं तर उद्या ते पुन्हा हेडफोन लावून बसतील, मला ठाऊक आहे. मी सांगेन. पण थोडे दिवस दे मला. एकदा मिळालेला खेळ कायमचा आपला, असं तुम्ही कंपनीवाले म्हणताच ना? मग थांबेल तो.

आणि सुट्टी मिळाली तर खरंच ये. खोलीत तिघं मावतो. कंट्रोलर मात्र दोनच आहेत, आणि एक माझा आहे.

तुझ्याइतकीच त्यांची,
ताई